बाळूचे दुभाषी

समाधानी पक्षी पिंजऱ्याचं दार उघडं असलं तरी जात नाही, असा श्रीधररावांचा सिद्धांत होता. सिद्धांत त्यांना पुष्कळ सुचत. जन्मभर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवल्यामुळे समोर कोणी बसलं, की एखादा बाहेर पडायचाच. त्या रविवारी समोर बसले होते शेजारचे राठौडजी.

"घर में सुख हो तो कौन जाता है, राठौड़जी? देखिए!" असं म्हणून श्रीधररावांनी पिंजऱ्याचं दार उघडलं.

बाळूने मान वाकडी करून सिद्धांताकडे एकदा पाहिलं आणि तो गेला! थेट पलीकडच्या मॅरेज गार्डनच्या निलगिरीवर. झाड चार मजली उंच, खोड पुसून ठेवल्यासारखं गुळगुळीत, आणि हा पठ्ठ्या अगदी शेंड्यावर!

"चला गया," राठौडजी म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

बाळू हा सुहासिनीबाईंचा पोपट. आंधीत घरट्यातून पडलेलं पिल्लू त्यांनी भिजवलेली डाळ भरवून जगवलं होतं. घरात त्यांच्याशी मराठीत बोलणारा तेवढा एकच. मुलगी शमिका बंगळुरूला, आणि तिचं मराठी 'मतलब'पासून सुरू होऊन 'अच्छा ठीक है'वर संपायचं. श्रीधरराव मराठीतच बोलत, पण ते बोलणं म्हणजे सूचना! बाई लग्न होऊन मिरजेहून आल्या तेव्हा त्यांना हिंदी येत नव्हतं, म्हणून त्यांच्या वतीने श्रीधरराव बोलू लागले, आणि बाईंना हिंदी आल्यावरही थांबले नाहीत. "इनको जयपुर बहुत पसंद है!" निवृत्तीनंतर झोटवाड्यात घर बांधलं, तेही "इनकी इच्छा थी" म्हणून. आपली ही इच्छा बाईंना वास्तुशांतीच्या दिवशी कळली.

आता त्या भाजी आणायला गेल्या होत्या. येऊन पिंजरा रिकामा दिसला तर? बाई ओरडणार नाहीत, हे श्रीधररावांना माहीत होतं. बाई कधीच ओरडत नसत. त्या गप्प बसत. बाळू गेला तर त्या कायमच्याच गप्प बसतील, असं मनात आलं आणि श्रीधरराव ताडकन उठले.

मग सुरू झाली मोहीम! पेरूची फोड दाखवून झाली. हिरवी मिरची दाखवून झाली. शिडी आणली, ती पहिल्या फांदीलाही पोचेना. तोवर अर्धी गल्ली जमली होती. फुकटचा सल्ला आणि रविवारची सकाळ, लोकांना आणखी काय हवं! कोणी म्हणे चादर पसरा, कोणी म्हणे फटाका लावा.

मॅरेज गार्डनमध्ये लग्नाची रोषणाई चालली होती. रोषणाईवाल्याची, माणसाला उंच उचलणारा पाळणा लावलेली गाडी दिसताच श्रीधररावांच्या अंगात वीरश्री संचारली.

"मैं चढ़ जाऊं, साब?" ड्रायव्हरने विचारलं.

"नहीं! वह सिर्फ मेरी सुनता है!"

हेही त्यांना त्याच क्षणी सुचलं होतं. पाळणा कुंथत वर गेला आणि शेंड्यापाशी, बाळूपासून हातभर अंतरावर, खाडकन थांबला. वर जाईना, खाली येईना.

"अटक गया, साब! मिस्त्री को फोन लगाया है। वो कानोता गया है, पिकनिक पे!"

श्रीधररावांनी डोळे मिटून पाळण्याचा कठडा धरला. तेवढ्यात अगदी कानाशी सुहासिनीबाईंचा आवाज आला.

"ह्यांना काय, सगळं छानच!"

त्यांनी दचकून डोळे उघडले. बाळू!

"क्या बोल रहा है, प्रोफेसर साब?" खालून राठौडजी ओरडले.

"बोल रहा है... सब बढ़िया है!"

खाली टाळ्या पडल्या. बाळूला चेव आला.

"मला विचारलं का कुणी? विचारलं का?"

"अब क्या बोला?"

"सबका हाल पूछ रहा है!"

लोक खूश! एक म्हातारी तर हात जोडून बाळूला स्वतःच्या गुडघ्यांचं सांगू लागली. आणि मग बाळू हळू आवाजात, पदराआड बोलावं तसा, बोलला. "मिरजेला जाऊ हं, बाळू. आपण दोघंच."

दोघंच! श्रीधररावांना एकदम फार उंचावर आल्यासारखं वाटलं. ह्या दोघांत आपण नाही, हे समजायला त्यांना पोपटाच्या शेजारी लटकावं लागलं होतं.

"अब? अब क्या बोला?"

"हमारे गांव की तारीफ कर रहा है," ते कसंबसं म्हणाले.

इतक्यात दोन्ही हातांत पिशव्या घेऊन सुहासिनीबाई आल्या. त्यांनी उघडा पिंजरा पाहिला, मग झाड पाहिलं, मग झाडाच्या उंचीवर लोंबकळणारा नवरा पाहिला. पिशव्या खाली ठेवून त्या रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "बाळू."

बाळू सरळ खाली उतरून त्यांच्या खांद्यावर बसला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. बाईंनी मात्र त्याच्याकडे असं पाहिलं, की शिट्ट्या आपोआप थांबल्या.

"मूर्खा," त्या म्हणाल्या, "दार उघडं होतं, पंख होते, एवढं आभाळ होतं. आणि एका हाकेला परत आलास? तूही माझ्यासारखाच निघालास!"

गल्लीने माना वर केल्या. "प्रोफेसर साब! भाभीजी क्या बोलीं?"

भाषांतर सोपं होतं. एकही शब्द अवघड नव्हता.

"कह रही हैं," श्रीधरराव वरून ओरडले, "सब लोग चाय पीकर जाइए!"

"वाह, भाभीजी!" गल्ली कृतकृत्य झाली. म्हातारीने तर ओट्यावर जागाही धरली.

बाईंना हिंदी कळत होतं, सगळं कळत होतं. त्यांनी वर पाहिलं. आता ही बोलणार, सगळ्यांसमोर, स्वच्छ हिंदीत, असं श्रीधररावांना वाटलं. बोलावं, असंही जरासं वाटलं. बाईंनी पिशव्या उचलल्या.

"अहो," त्यांनी विचारलं, "तुमचाही ठेवू का?"

'सुहास, आपण मिरजेला जाऊ,' हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं. शप्पथ, आलं होतं!

"ठेव," श्रीधरराव म्हणाले. "साखर कमी."