नानांचं कागदी लिंबू

नाना पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी परसात नेत आणि झाडांची ओळख करून देत. "हे पपनस. जाड कातडीचं, अळीला दाद देत नाही. हे ईडलिंबू. कीड येते, चाखते, तोंड वाकडं करून निघून जाते. आणि हे आमचं कागदी लिंबू. कोवळी पालवी फुटली की फुलपाखरं हजर! स्वभाव आहे एकेकाचा."

आतून त्यांची बहीण आक्का ओरडे, "अरे, तो माणूस बोर्लीहून उन्हातनं चालत आलाय. आधी गूळपाणी दे, मग सोयरीक जमव!"

"ही ईडलिंबू," नाना पाहुण्याच्या कानात सांगत.

मी शेजारचा शाळामास्तर. स्वातंत्र्यानंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझी पत्नी गेली. शाळा सुटली की मी दार लावून पुस्तक उघडून बसे. पान मात्र उलटत नसे. लोक येत, उसासे टाकत, जात. नाना आले ते कुरकुरतच.

"मास्तर, माझी नजर गेली हो. फुलपाखराची अंडी दिसत नाहीत. मोहरीहून बारीक, पिवळसर. उठा, चला."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी कागदी लिंबाखाली. एकेक कोवळं पान उलटायचं, अंडं नखानं टिपायचं, अळी दिसली तर करवंटीत टाकायची. लहान अळी हुबेहूब पाखराच्या शिटेसारखी दिसते. पहिल्या दिवशी मी अशा चार सोडून दिल्या.

"मास्तर, एवढी पुस्तकं वाचलीत," लांबूनच नाना म्हणाले, "आणि शीट कुठली नि अळी कुठली, कळेना?"

कित्येक दिवसांनी मी हसलो. नजर गेलेल्या माणसाला लांबून अळी कशी दिसली, हे तेव्हा सुचलंच नाही.

पुढे एकदा म्हसळ्याहून शेतीखात्याचे साहेब आले. त्यांचा आवाज ऐकून मी परसाच्या दगडी गडग्याच्या अलीकडेच थांबलो.

"हे कागदी काढून टाका," साहेब सांगत होते. "अळी इथंच वाढते. याच्या जागी आणखी एक पपनस लावा आणि बिनघोर राहा."

"बिनघोर राहून करू काय?" नाना म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "साहेब, माझी नजर चांगली आहे. सकाळी तासाभरात मी एकटा हे झाड साफ करीन. पण मग मास्तर परत दार लावून बसतील. आणखी वर्षभर तरी हे झाड हवं. त्यांना सांगू नका हं."

मी चार पावलं मागं सरलो. मग मोठ्यानं खोकून आत गेलो. नानांनी लगेच डोळे बारीक करून एक पान नाकाशी धरलं.

"आलात? बघा बुवा, मला काही दिसत नाही."

त्या संध्याकाळी मला नऊ अंडी सापडली. आठ टिपली. नवव्याचं पान हळूच होतं तसं करून ठेवलं.