झूराकानच्या हातचं अळणी सूप

ओरोझालीने चमचा हॉस्पिटलच्या ताटलीत परत ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"हे सूप नाही. भांडी विसळलेलं पाणी आहे."

"तू चाखलंस तरी का, म्हाताऱ्या?" त्याची बायको झूराकान म्हणाली.

"वासावरून कळतं."

ओरोझालीने उभा जन्म इसिक-कुल तलावाच्या काठाने राजधानी बिश्केकपर्यंत बस हाकली होती, आणि वाटेतल्या प्रत्येक खानावळीत मटणाच्या रश्शात चव बघण्याआधीच मीठ घातलं होतं. आता त्याचं हृदय थकलं होतं. छातीत पाणी झालं होतं, पाय सुजले होते आणि मीठ पूर्ण बंद होतं. बिश्केकला नेऊन हृदयाची झडप बदलायची, असं ठरत होतं. पण डॉक्टर नुरगाझीने झूराकानला व्हरांड्यात बोलावून, वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं अपा म्हणत, सरळ सांगितलं होतं, "अपा, हे काहीच खात नाहीयेत. अंगात ताकदच नसेल तर तिथले सर्जन हात लावणार नाहीत."

झूराकान त्यांच्या भागातली नावाजलेली सुगरण. कुणाकडे लग्न असो नाहीतर मयताच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण, मोठ्या कढईपाशी तीच उभी असायची. नवरा खात नाही यात नवऱ्याचा दोष असेल, हे तिला पटणं शक्यच नव्हतं. दोष त्या सरकारी स्वयंपाकघराचा. दुसऱ्या दिवशी तिने फुलाफुलांच्या कडीच्या डब्यातून घरचा मटणाचा रस्सा आणला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने झाकण काढलं.

"यात मीठ आहे, अपा. आत नेता येणार नाही."

"तुला कसं कळलं?"

"चाखला ना."

"मग दे डबा परत."

"थांबा, अजून एकदा खात्री करतो."

त्याची खात्री होता होता डबा रिकामा झाला. तो रिकामा डबा घेऊन झूराकान तरातरा तळघरातल्या स्वयंपाकघरात उतरली.

तिथे खलीमाचं राज्य होतं. खलीमा दुंगान, म्हणजे चिनी मुळाची मुसलमान होती, धिप्पाड, आणि तिचा आवाज सगळ्या पातेल्यांच्या वर ऐकू यायचा. झूराकानने दारातूनच तोफ डागली. माणसं वर मरणाच्या दारात पडलीत आणि तुम्ही त्यांना पाणी पाजता, इथपासून सुरुवात करून ती खलीमाच्या आईने तिला काय शिकवलं इथपर्यंत पोचली. खलीमाने सगळं ऐकून घेतलं. मग एक पळी भरून तिच्यापुढे धरली.

"आधी हे गिळा. मग आईवर या."

झूराकानने घोट घेतला. मग आणखी एक घोट घेतला.

"मीठ घातलंयस."

"कणभरही नाही."

"मग काय घातलंयस?"

"गाजर आणि कांदा कोरड्या तव्यावर काळपट होईस्तोवर भाजलाय. उन्हात सुकवलेला टोमॅटो. जर्दाळूचं आंबट पाणी. आणि उतरवल्यावर, उतरवल्यावर बरं का, चमचाभर व्हिनेगर आणि लसणाची पात." खलीमाने दुसऱ्या पातेल्यावरचं झाकण उचललं. "हे सहा नंबरच्या आजींचं. त्यांना गिळता येत नाही, म्हणून तीनदा गाळलंय. हे घट्ट आहे ते स्तेपान इलिचचं. त्यांचा हात थरथरतो, पातळ केलं तर सगळं छातीवर सांडतं. माझ्यासारखं सूप या तलावाच्या काठी कुणी करत नाही. पण कुणी चाखेल तर ना. हॉस्पिटलचं म्हटलं की आधी तोंड वाकडं."

खलीमाने तिचा डबा भरून दिला. "न्या वर. गरम आहे तोवर पाजा."

ओरोझालीने डबा पाहिला आणि तो उशीवरून उठून बसला.

"शेवटी आणलंस घरचं."

झूराकानने खरं सांगायला तोंड उघडलं. पण तोवर त्याचा तिसरा चमचा तोंडात गेला होता. किती दिवसांनी त्याचा घसा असा हलताना दिसत होता. तिने तोंड मिटलं.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला, "पण हात तुझाच. लगेच कळतं."

झालं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या जेवणाच्या गाडीवरून आलेली ताटली त्याने परत पाठवली आणि डब्याची वाट बघत बसला. डबा आला, त्याने पुसून खाल्ला. मुळात यजमान स्वभावाचा, त्यामुळे शेजारच्या खाटेवरच्या स्तेपान इलिचलाही वाटी पुढे केली. "घ्या, माझ्या म्हातारीच्या हातचं आहे." स्तेपान इलिचने खाल्लं, डोळे मिटले, आणि पलीकडच्या खोलीत बातमी पोचवली. आठवडा संपायच्या आत हृदयविभागातल्या निम्म्या ताटल्या न शिवता परत जाऊ लागल्या, आणि निम्मा विभाग झूराकानच्या डब्यासाठी वाट्या घेऊन बसू लागला.

झूराकान तळघरात जाऊन खाटकन बाकावर बसली.

"खलीमा, मी तुझं नाव सांगणार आहे आता. मला झोप लागत नाही."

खलीमा कांदा चिरत होती. कांद्यावर तिचा राग निघत होता.

"सांगितलंत तर खातील?" तिने विचारलं.

"माझा तर नाही खाणार."

"मग नका सांगू. उद्यापासून मोठं भांडं आणा."

मोठं भांडं जिन्यावर डॉक्टर नुरगाझीने पकडलं.

"अपा, बाहेरचं अन्न बंद आहे. आणि तुम्ही अख्ख्या विभागाला वाटताय. कुणाला काही झालं तर?"

झूराकानने इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. डॉक्टरने झाकण काढून चव घेतली. मग जिन्यापाशी उभ्या जेवणाच्या गाडीवरच्या ताटलीतली घेतली. मग पुन्हा भांड्यातली.

"हे तर आमचंच आहे."

"तेच तर म्हणतेय."

"मीही रोज हेच जेवतो, अपा. रोज सांगतो यांना चांगलं आहे म्हणून. कुणी ऐकत नाही." तो कठड्याला टेकला. "तुमच्या नवऱ्याचं वजन आणि पाय दोन्ही ठीक होत चाललेत. बिश्केकहून तारीख मिळालीय. चालू द्या. मला काही दिसलं नाही."

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग खलीमाची दाढ दुखली. गाल एवढा सुजला की डॉक्टरने तिला दंतवैद्याकडे पिटाळलं. मदतनीस सुट्टीवर. झूराकान पदर खोचल्यासारखा डोक्याचा रुमाल घट्ट बांधून पुढे झाली.

"मीठ न घालता एक पातेलं सूप. त्यात काय एवढं? मी पाचपाचशे माणसं जेवू घातलीत."

तिने जीव ओतून केलं. तेच गाजर, तोच कांदा, तेच जर्दाळू. भांडं घेऊन ती विभागात गेली तेव्हा सगळे वाट्या घेऊन तयार होते. पहिला चमचा गेला आणि दुसरा कुणी भरेना.

स्तेपान इलिचने चमचा ठेवला. "अपा, आज तब्येत बरी नाही का?"

"मला तर हॉस्पिटलचं वाटतंय," दारातून कुणीतरी म्हणालं.

ओरोझालीने वाटीत पाहिलं, मग बायकोकडे. "म्हातारे, मला फसवू नकोस. हे तुझ्या हातचं नाही."

झूराकानचा चेहरा लाल झाला. तिने भांडं खाली ठेवलं.

"हेच माझ्या हातचं आहे," ती म्हणाली. "आजवर खाल्लंत ते सगळं खलीमाचं होतं. या खालच्या स्वयंपाकघरातलं. तुम्ही रोज परत पाठवत होता ना, तेच."

तेवढ्यात दारात खलीमा उभी असलेली दिसली. गाल रुमालाने बांधलेला, तोंडात कापसाचा बोळा. परत आलेल्या ताटल्या बघितल्याशिवाय ती घरी जाऊ शकली नव्हती. ती किती वेळ तिथे होती, कळायला मार्ग नव्हता, कारण तिला आयुष्यात पहिल्यांदा बोलता येत नव्हतं.

स्तेपान इलिच जमेल तेवढा ताठ बसला. "खलीमा," तो म्हणाला, "तुमची दाढ उद्यापर्यंत बरी होईल ना? आम्ही थांबू."

खलीमाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दाढेचं आहे, असं तिने हाताने खुणावून सगळ्यांना सांगितलं. मग पुढे येऊन तिने भांड्यातलं सूप बोट बुडवून चाखलं, झूराकानकडे दयेने पाहिलं, आणि हातातली पिशवी उघडून व्हिनेगरची बाटली काढली. भांडं उचलून ती खाली निघाली. जाता जाता खाटांवरच्या वाट्याही गोळा करू लागली.

ओरोझालीच्या खाटेपाशी आली तेव्हा त्याने वाटीवर हात ठेवला.

"ही राहू दे," तो म्हणाला आणि चमचा उचलला. "हिच्या हातचं खाऊन मला बरेच दिवस झालेत."