पक्की टीप

सकाळी आठ वाजता मुंगीचा इतिहासाचा शोधनिबंध शिवून तयार झाला. तो शिवायचा नव्हता. दहा वाजता सरांच्या हातात द्यायचा होता.

मुंगी हे नाव तिला अक्षरावरून पडलेलं. कागदावर मुंग्यांची रांग चालल्यासारखं बारीक अक्षर. निबंधाचा विषय होता जुन्या पुलाचा इतिहास. छापील मजकुरावर सरांचा विश्वास नसल्यामुळे तो हाताने लिहिलेला होता, आणि त्यामुळेच दुसरी प्रत नव्हती.

वर्गाचा नियम असा, की प्रत्येकाने सोबत्याचा खर्डा वाचायचा आणि विधायक सूचना द्यायच्या. गेल्या खेपेला मुंगीचा खर्डा तिच्याच बाकावरच्या मैत्रिणीकडे आला होता. मैत्रिणीने शेवटी लिहिलं, "पूल वाहून गेला यात नवल नाही. निबंधही त्याच वाटेवर आहे." त्या दिवसापासून वर्ग तिला कात्री म्हणू लागला, आणि पहिलीपासून तिच्याशेजारी बसणारी मुंगी शेवटच्या बाकावर गेली. बोलणं बंद.

या खेपेला सरांनी तोच खर्डा पुन्हा कात्रीला दिला आणि कात्रीचा मुंगीला.

"सर, दुसऱ्या कुणाला द्या ना," कात्री म्हणाली. "ती माझ्या तोंडाकडेसुद्धा बघत नाही."

"तू तोंड नको बघूस, खर्डा बघ. आणि विधायक म्हणजे काय ते कळलं का आता?"

"गोड बोलायचं."

"उपयोगाचं बोलायचं. वाचणाऱ्याला लगेच करता आलं पाहिजे."

कात्रीने अख्खी संध्याकाळ त्यात घातली. टोमणा आला की खोडला, पुन्हा आला, पुन्हा खोडला. मजकुराखाली लाल पेन्सिलीने हलक्या हाताने खुणा केल्या. वर 'दुरुस्ती' असं छापलेला सरांचा कागद लावला आणि त्यावर लिहिलं: "पान दोनवर टीप सुटली आहे, पक्की घाल. चारचं पाचशी नीट जोड. सहा जरा सैल आहे, आवळून घे. शेवट लांबलाय, चार ओळी कमी कर. उद्या सकाळपर्यंत होईल ना?" खाली नाव लिहायला तिचा हात धजावला नाही.

दुसऱ्या दिवशी मुंगीने खर्डा घरी नेला, पण ती चिठ्ठी वाचायला तीही धजावली नाही. समोरच्या खोलीतल्या शिलाई यंत्रापाशी तिने तो ठेवला आणि उद्या बघू म्हणून ती झोपली. त्या खोलीत तिची आई कपड्यांच्या दुरुस्तीची कामं घेते. 'दुरुस्ती' अशी चिठ्ठी असलेलं काम सकाळी आधी हातात घ्यायचं, हा तिथला नियम. गेल्या वर्षी लेकीच्या वहीचं कव्हर आईनेच शिवून दिलं होतं, त्यामुळे कागद पाहून तिला काही वावगं वाटलं नाही.

"आई, हे काय केलंस!"

"चिठ्ठीत लिहिलंय तेच. टीप दुहेरी घातलीय. ओढलीस तरी सुटायची नाही."

"अगं, टीप म्हणजे तळटीप! माहिती कुठून मिळाली ते तळाला लिहायचं!"

"तळालाच घातलीय. लाल खुणेवरून."

"आणि चार-पाच?"

"जोडली. आतून."

चौथं आणि पाचवं पान उशीच्या अभ्र्यासारखं चहूबाजूंनी बंद झालं होतं. पुलाचं सगळं बांधकाम आत. सहाव्या पानाला दोन चुण्या घेतल्या होत्या, त्यामुळे तिथली वाक्यं मधूनच सुरू होऊन मधूनच संपत होती. शेवटच्या पानावरच्या चार ओळी दिसतच नव्हत्या. पूल का पडला ते नेमकं त्याच ओळींत होतं.

"कापल्यास?" मुंगीने पान उलटून पाहिलं.

"कापीन कशाला? आत दुमडल्यात. चांगली माया ठेवलीय. पुढे लांबी वाढवावीशी वाटली तर सोडता येईल."

"आत्ताच सोड! सगळं उसव!"

आईने उसवायला घेतलं. पहिल्याच टाक्याला कागद फाटला. तिने हात मागे घेतला. "कापड असतं तर प्रश्न नव्हता गं. याची चाळण होईल."

दहा वाजता सरांनी निबंध उलटा केला, सुलटा केला, खिडकीशी उजेडात धरला. चार आणि पाचच्या फटीतून एक डोळा लावून आत पाहायचा प्रयत्न केला.

"हे कुणाचं डोकं?"

मुंगीने कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा कात्रीकडे पाहिलं आणि बोट केलं. "हिनं लिहून दिलं होतं, सर. आईनं वाचलं."

कात्रीने आपली चिठ्ठी पुन्हा वाचली. शब्दागणिक तिचा चेहरा उतरत गेला. "सर, देवाशपथ, मी यात एकसुद्धा वाईट शब्द लिहिला नव्हता."

"तेच तर," सर म्हणाले.

गुणपत्रिकेत एक रकाना होता: सोबत्याच्या सूचना अमलात आणल्या का? बाकी सगळ्यांच्या नावासमोर सरांनी 'नाही' लिहिलं होतं. मुंगीच्या नावासमोर त्यांनी लिहिलं, 'तंतोतंत'. आशयाचा रकाना कोरा ठेवला.

"पण सर, मग पूल का पडला ते तुम्हाला कळणारच नाही," मुंगी रडकुंडीला आली.

"बांधकाम आत अडकलंय, पडणं दुमडलंय. सध्या पूल उभाच आहे म्हणायचा."

शाळा सुटताना कात्रीला तिचा खर्डा मुंगीकडून परत मिळाला. 'दुरुस्ती'खाली मुंग्यांची एकच रांग होती: "फार घट्ट आहे. वाचताना श्वास घेता येत नाही. आईकडे घेऊन ये."

कात्री कागद घेऊन सरांकडे धावली. "सर, ही सूचना आहे की धमकी?"

"लगेच करता येण्यासारखं आहे," सर म्हणाले आणि कपाटाला कुलूप लावू लागले.

कात्रीने आधी घरी जाऊन अख्ख्या निबंधाची नक्कल करून घेतली. हाती आलेली शेवटची बातमी अशी, की मूळ प्रत छातीशी धरून ती शिलाईच्या खोलीच्या पायरीवर उभी आहे. आत यंत्र चालू आहे. मुंगीने पडदा बाजूला करून, येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात तेच तिला विचारलं आहे:

"दुरुस्ती, की नवीन?"