बटाट्यासाठी लावलेला कौल

नवस कसा बोलावा हे अख्ख्या गावात फक्त आपल्यालाच कळतं, अशी सखारामची पक्की समजूत होती. लोक नवस बोलून बसतात आणि मग रडतात! कोणी मासे सोडतो, कोणी चहा. सखारामने आधी नीट विचार केला. मुळा त्याला लहानपणापासून आवडत नव्हता. गाजर तो गपचूप शेजारच्याच्या ताटात सरकवायचा. बीटाचं तर त्याला तोंड बघवत नसे. मग सोडायचीच तर मुळं सोडावीत!

मागणं मात्र खरं होतं. त्याची लेक वैष्णवी मंडणगडच्या टोकाला शाळेत शिक्षिका, आणि तिचा नवरा नि तीन वर्षांची पोर देवरुखात. आई एसटीत चढली की पोर असा टाहो फोडायची की सखारामला त्या रात्री घास जात नसे.

गावदेवीच्या देवळात रामा गुरवाने गाऱ्हाणं घातलं.

"बाय माझे आई, सखारामाच्या लेकीची बदली देवरुखास होऊ दे! तोवर तो कसलंच मूळ तोंडात घालणार नाय!"

"व्हय म्हाराजा!" जमलेली वीस-पंचवीस माणसं एका सुरात ओरडली.

घरी बायकोने, मालनने, ताट वाढलं. भात आणि वरण. बस्स!

"भाजी?"

"बटाट्याची हाय. माझ्यापुरती."

"आणि माला?"

"बटाटा जमिनीखाली होतो. म्हंजे मूळच की! सुरण, आलं, हळद, सगळं बंद तुमाला. वरणात हळद घातली नाय मी."

सखारामने ते फिकट वरण मुकाट भातात कालवलं. बटाट्यावाचून त्याचा एक दिवस गेला नव्हता! दुसऱ्या दिवशी तो गुपचूप नाक्यावर गौरवच्या हॉटेलात गेला.

"एक बटाटावडा दे."

"नाय मिळायचा, सखाभाऊ. देवळात मीपण व्हय म्हटलंय!"

महिनाभरात सखारामचा लेंगा कमरेवर ठरेना. दिवाळीच्या सुट्टीत वैष्णवी आली, तिने बापाकडे पाहिलं, सगळी हकिकत ऐकली आणि पोट धरून हसली. मग टोपलीतला एक बटाटा उचलून त्याच्या हातात ठेवला.

"बाबा, हे मूळ नाही. हे खोड आहे!"

"जमिनीखाली खोड?"

"हे खळगे बघा. डोळे म्हणतो ना आपण? तिथून कोंब येतात. असे डोळे खोडावर असतात. मुळ्यावर, गाजरावर शोधा बघू! आणि हा बटाटा उजेडात ठेवा, हिरवा पडेल."

सखारामने बटाटा पडवीच्या कठड्यावर ठेवला आणि तासातासाने तो बघून येऊ लागला. काही दिवसांनी बटाटा खरंच हिरवा पडला! मग त्याला राहवेना. त्याने आलं उकरलं. त्यावर कडी होती, कड्यांवर वाळकी सालपटं, आणि टोकाला बारीक कोंब. हळदीचंही तसंच! सुरणाला बरोबर मध्यावर एकच भलामोठा डोळा. मालनच्या वाफ्यातला मुळा उपटला, तर तो खाली सरळ, गुळगुळीत, कुठे डोळा म्हणून नाही.

"मुळा ठेवा खाली! नवस हाय तुमचा!" मालन धावत आली.

"खात नाय गो, बघतोय! साठ वर्षं नुसतं खाल्लं, बघितलंच नव्हतं!"

त्याला खरोखर फार आनंद झाला होता. मालनला मात्र पटेना.

"नवस पुस्तकाला बोललाव की देवीला? मग देवीला विचारा!"

झालं! कौल लावायला रामाने देवीच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला पाकळ्या चिकटवल्या. निम्मा गाव गोळा झाला. गौरव तर कढईत तेल ओतून आला होता.

"बाय माझे आई, बटाटा खोड असंल तर उजवा कौल दे, मूळ असंल तर डावा!"

"व्हय म्हाराजा!"

वैष्णवीने कपाळाला हात लावला. वर्गात तिने हा धडा असा कधी शिकवला नव्हता. सगळे माना उंचावून पाकळ्यांकडे बघू लागले. आणि उजवी पाकळी टपकन पडली!

मालनचा चेहरा खुलला. तिने नैवेद्याचा डबा देवीपुढे ठेवला आणि लगेच प्रसाद वाटायला घेतला. उपाशी सखारामने दोन तुकडे एकदम तोंडात कोंबले.

"आई, हे काय आहे?" वैष्णवीने विचारलं.

"रताळ्याचे काप, गुळातले. बटाटा खोड, मग रताळं पण खोडच ना?"

"अगं, रताळं मूळ आहे!"

तेवढ्यात वैष्णवीचा फोन वाजला. पलीकडून तिचा नवरा ओरडत होता, "बदल्यांच्या यादीत तुझं नाव आहे! सही व्हायचीय फक्त, पाच मिनिटं!"

"गिळू नका!" मालन किंचाळली.

"थुकू नको, परसाद हाय!" रामा ओरडला.

सखाराम गाल फुगवून देवळाच्या खांबाला टेकला. सगळा गाव त्याच्या गळ्याकडे डोळे लावून बसला. पाच मिनिटांची वीस झाली. फोन पुन्हा वाजला, वैष्णवीने तो कानाला लावला आणि रडू लागली.

"झाली! देवरूखच मिळालं!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. सखारामनेही मोठा घोट गिळल्यासारखं केलं. मालनने डोळे पुसत त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "लेकीसाठी केवढं सोसलंत हो!"

गुळातलं रताळं मऊसूत शिजलेलं होतं. ते पहिल्या दोन मिनिटांतच आपसूक खाली उतरलं होतं, आणि त्यानंतर सखारामच्या गालांत नुसती हवा होती, हे त्याने अजून कोणालाही सांगितलेलं नाही.