हलत्या छताचा अर्ज

दहा महिन्यांची चिमुकली मैत्री आपल्या आईवडिलांच्या मोटरहोममधल्या पंख्याखालीच झोपत असे. तो फिरताना 'कुर्रकट, कुर्रकट' करी. घरातले तीन महागडे पंखे तिने आवाज करत नाहीत या कारणास्तव नामंजूर केले होते.

मोटरहोम म्हणजे खरं तर मानपूरच्या एका ढाब्यामागे पडून असलेली मिनीबस. मैत्रीचे बाबा ज्ञानदीप यांनी ती विकत घेऊन आत पलंग आणि पंखा बसवला होता. छतावरचे दोन सोलर पॅनल मात्र आधीच्या मालकाने सरकारी योजनेतून लावलेले. दिवाळीनंतर हे कुटुंब गौतमपुऱ्याचं हिंगोट युद्ध, म्हणजे फटाक्यांची दारू भरलेली पेटती हिंगोट फळं एकमेकांवर फेकायचा खेळ, बघायला गेलं, तेव्हा मैत्रीची आई अस्मिता हिने सुरक्षित अंतर मोजून गाडी तीन वेळा मागे घ्यायला लावली. तिसऱ्यांदा ती जिथे थांबली, नेमकं तिथेच एक जळतं हिंगोट छतावर येऊन पडलं. पॅनल फुटले, पंखा थांबला आणि मैत्रीची झोपही थांबली. जागरणाच्या पाचव्या दिवशी अस्मिताने तुरीच्या डाळीत चहापत्ती टाकली.

नवे पॅनल लावणं तासाभराचं काम होतं. पण जुने योजनेतले असल्याने ते काढायला तुकोगंजातल्या 'छत-सौर बदल कक्षा'ची परवानगी लागणार होती. अर्जात प्रश्न होता : छत कशाचे? घराचे की वाहनाचे? पुढे दोन चौकोन. दुसरं कुणी एकावर खूण करून मोकळं झालं असतं. अस्मिता एम.एस्सी. होती. तिने दोन्हींवर खूण केली आणि चार पानी खुलासा जोडला.

"उद्या कुणी म्हणायला नको की लपवलं," ती म्हणाली.

"कोण म्हणणारे? मैत्री?" ज्ञानदीपने विचारलं.

कक्षाचे बाबू पाटीदारजी खुलासा वाचून गंभीर झाले आणि आपल्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाले, "मॅडमजी, घर असेल तर हललं नाही पाहिजे. गाडी असेल तर चालली पाहिजे. आता तुम्ही दोन्ही लिहून रिये, तर दोन्ही दाखवावं लागेल ना."

दोन निरीक्षक एकाच वेळी आले. एक म्हणाले, गाडी चालू करा. दुसरे म्हणाले, घर हलवू नका. पोहे खाता खाता तोडगा निघाला : सगळी चाकं काढा, गाडी विटांवर ठेवा आणि इंजिन चालू करा. घर हललं नाही, गाडी चालू झाली. दोघांनी समाधानाने सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी स्वच्छता पथकाची नोटीस आली. शहरात बिनचाकी भंगार ठेवता येत नाही. खाली रकाना होता : सदर भंगार ओला कचरा आहे की सुका? अस्मिताने पेन उघडलं. ज्ञानदीपने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

नोटीस आणि रडणारी मैत्री घेऊन अस्मिता पुन्हा कक्षात गेली. दुपारचा एक वाजला होता. पाटीदारजींच्या डोक्यावर एक जुना पंखा फिरत होता. कुर्रकट, कुर्रकट. मैत्रीने एकदा वर पाहिलं, एक जांभई दिली आणि प्रलंबित अर्जांच्या गठ्ठ्यावर गाढ झोपली.

पाटीदारजींनी ओठांवर बोट ठेवलं. सगळा कक्ष शांत झाला. तशी फारशी शांतता वाढली नाही.

त्या दिवसापासून अस्मिता रोज एक वाजता 'चौकशीला' येऊ लागली. चार वाजेपर्यंत मैत्री झोपे, अस्मिताही बाकावर डुलकी काढी. डाळीत पुन्हा फक्त डाळ पडू लागली.

तीन महिन्यांनी पाटीदारजी कागद नाचवत आले. "मुबारक हो मॅडमजी, मंजुरी झाली. आता रोज यायची झंझट खतम."

अस्मिताने झोपलेल्या मैत्रीकडे पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. मग तिने मंजुरीपत्र तीन वेळा बारकाईने वाचलं.

"पाटीदारजी, तिसऱ्या पानावर शिक्का नाही."

"अरे, चालतं ना."

"आज चालेल. उद्या कुणी आक्षेप घेतला तर?"

पाटीदारजींनी चष्मा काढून पुसला. "बावीस वर्षं नोकरी झाली, मॅडमजी. असा अर्जदार नाही पाहिला." त्यांनी आदराने तो कागद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला, मैत्रीच्या उशाला धक्का न लावता.

आता कक्षाच्या दारावर पाटी आहे : 'एक ते चार शांतता राखावी.' तुमचाही अर्ज तिथे असेल तर काळजी नको, तो अडकलेला नाही. त्यावर मैत्री झोपली आहे. चौकशीला जरूर या. फक्त चपला बाहेर काढा आणि चारनंतर या.

कक्ष चारला बंद होतो.