फोन न येणारी माणसं

"माझ्या प्रयोगात कुणी खोट काढून दाखवावी!" असं मी स्टाफरूममध्ये उभी राहून जाहीर केलं होतं. हातात चहाचा कप होता आणि आवाज जरा जास्तच चढला होता, हे कबूल. पण खरंच सांगते, प्रयोग होताच तसा. इस्त्री केलेल्या रुमालासारखा!

आमचं विद्यापीठाचं सामाजिक धोरण अभ्यास केंद्र. नाव केवढं, आणि जागा म्हणजे तळमजल्यावरच्या तीन खोल्या, एक लांबलचक व्हरांडा आणि एक झेरॉक्स मशीन. ते आमच्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त आजारी रजा घ्यायचं. समाजकल्याण खात्याने आम्हाला विचारलं होतं, की दिवसभर घरी एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दर आठवड्याला कुणीतरी आपुलकीने फोन केला, तर त्यांचा एकटेपणा कमी होईल का? होत असेल, तर खातं फोनची योजनाच सुरू करणार होतं.

माझी पद्धत सरळ होती. अशी माणसं शोधायची, एकटेपणाची प्रश्नावली भरून घ्यायची, मग चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एका गटाला फोन करायचा. दुसरा म्हणजे तुलना गट, त्याला काहीही करायचं नाही. शेवटी दोघांना तेच प्रश्न पुन्हा विचारायचे आणि फरक बघायचा.

हे मी घरी जेवताना बाबांना समजावून सांगितलं. बाबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. जन्मभर कोर्टात लघुलेखक होते. दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेता घेता स्वतः बोलायची सवयच गेली असावी, असं मला वाटायचं.

"म्हणजे निम्म्या लोकांना काहीच नाही?" बाबांनी विचारलं.

"काहीच नाही."

"मुद्दाम?"

"हो बाबा, मुद्दाम!" मी अभिमानाने म्हटलं.

बाबा ताटाकडे बघत राहिले. नवरा म्हणाला, "जरा मीठ सरकव."

फोन सुरू झाले. आमच्या एका विद्यार्थिनीकडे ते काम होतं. गोड आवाजाची, समजूतदार मुलगी. तिला मी बजावलं होतं, की तब्येत कशी आहे, जेवण झालं का, बाहेर गेला होता का, एवढंच विचारायचं आणि ठेवायचं. पहिला फोन लागला एका रिटायर पोस्टमास्तरांना. तिने विचारलं, "तब्येत कशी आहे?" आणि पोस्टमास्तरांनी तरुणपणी झालेल्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनपासून सुरुवात केली! तिचा चहा गार झाला. ऊन एका खिडकीतून निघून दुसऱ्या खिडकीत आलं, तेव्हा ऑपरेशनचे टाके निघत होते.

"मॅडम," ती कान चोळत म्हणाली, "तब्येतीचा प्रश्न काढून टाकूया का?"

एवढंच असतं तर मी निभावून नेलं असतं. पण पोस्टमास्तर दुसऱ्या आठवड्याचा फोन घ्यायला बागेत गेले. घरी ऐकायला कोण आहे! बागेतल्या बाकावर बसून, सगळ्या झाडांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "हो हो, बोला! विद्यापीठातूनच ना? थांबा, इथे माणसं बसली आहेत, त्यांना सांगतो!"

त्या माणसांत एक टेलरकाका होते आणि एक निवृत्त मेट्रनबाई. दोघंही माझ्या तुलना गटातले. आणि त्यांच्या शेजारी, दुपारचे नेहमीप्रमाणे एकटे बसलेले, आमचे बाबा.

"तुम्हाला फोन येतो?" टेलरकाका म्हणाले. "कागद तर आम्हीही भरले होते. आम्हाला का नाही येत?"

"तुमचे मार्क कमी पडले असतील," पोस्टमास्तर म्हणाले.

बाबा उठले. हे मला नंतर कळलं, पण ते उठले आणि म्हणाले, "ते केंद्र माझ्या सुनेचं आहे. चला."

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात पोचते तर दारात ही मंडळी! टेलरकाका, मेट्रनबाई, त्यांनी वाटेत गोळा केलेले तुलना गटातले आणखी काही जण, आणि सगळ्यांच्या पुढे, कोर्टात जायचा कोट घातलेले बाबा.

"बाबा, तुम्ही? इथे?"

"हे लोक काही विचारायला आलेत," बाबा म्हणाले. जणू आमची ओळखच नाही.

मेट्रनबाई पुढे झाल्या. जन्मभर वॉर्ड सांभाळलेली बाई. त्यांच्यासमोर माझी पाठ आपोआप सरळ झाली.

"आम्ही नापास झालो का?"

"नाही हो! तुम्ही तुलना गटात आहात."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला फोन करायचा नाही. फोन येणाऱ्यांशी तुमची तुलना करायची. सही घेतली त्या कागदावर लिहिलं होतं."

"चष्मा घरी होता," टेलरकाका म्हणाले. "मुलगी चांगली वाटली, म्हणून सही केली."

मेट्रनबाई माझ्याकडे बघत होत्या. "म्हणजे आम्ही एकटे पडत जातो का, हे तुम्ही लांबून बघणार. आणि मध्ये पडणार नाही."

"तसं नाही..." मी म्हटलं. पण तसंच होतं. अगदी तसंच! इतक्या वर्षांत कुठल्या परीक्षकाने माझी पद्धत इतक्या थोडक्यात सांगितली नव्हती.

अशा वेळी वरिष्ठांकडे पाठवायचं असतं. मी म्हटलं, "आमच्या सरांना भेटा." केंद्रप्रमुख सरांनी दाराच्या फटीतून गर्दी पाहिली, लगेच फोन कानाला लावला (लागलेला नव्हता, मला माहीत आहे) आणि हाताने खूण केली, उद्या या.

मी व्हरांड्यात येऊन पडेल आवाजात सांगितलं, "सर म्हणतात, उद्या या."

मला वाटलं, चिडतील. टेलरकाकांचा चेहरा असा उजळला, की मी मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून!

"उद्या? नक्की?" ते म्हणाले. "किती वर्षांत मला कुणी उद्या या म्हटलं नव्हतं."

आले! दुसऱ्या दिवशी सगळे आले. सर मीटिंगला. मग पुन्हा उद्या. मग सर दौऱ्यावर. पुन्हा उद्या. व्हरांड्यात दोन बाकं होती, ती पुरेनात, तेव्हा घरून घडीच्या खुर्च्या आल्या. वाट बघायची म्हणजे बोलणं आलंच. मेट्रनबाई सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळू लागल्या. टेलरकाकांनी आमच्या शिपायाच्या शर्टाची कॉलर उलटवून दिली. बाबांनी एका आजोबांना पेन्शनचा अर्ज असा टाइप करून दिला, की बँकेने उभ्याउभ्या मंजूर केला. हसण्याचे आवाज माझ्या खोलीत यायचे आणि मी आत बसून एकटेपणाच्या व्याख्येवर टिपा काढत होते.

मग आमची फोनवाली विद्यार्थिनी रडकुंडीला येऊन म्हणाली, "मॅडम, कुणी फोनच उचलत नाही!"

"का?"

"त्यांनी आठवडाभर वाट बघायची आणि मी तीन प्रश्नांत फोन ठेवते, म्हणून रुसलेत. आणि पोस्टमास्तर तर बाहेर उभे आहेत."

पोस्टमास्तर आत आले. मान खाली. "बाई, एक विनंती होती. मला तुलना गटात घाला."

"असं नाही करता येत, काका! चिठ्ठी निघाली आहे तुमची."

"चुकून निघाली म्हणा ना. तिकडे मजा चालते. मी आपला घरात मोबाईलकडे तोंड करून बसतो."

मी डोक्याला हात लावला. ज्यांना काहीच द्यायचं नव्हतं, ते खुलले होते. ज्यांना द्यायचं होतं, ते झुरत होते. इस्त्री केलेल्या रुमालाचं पार पायपुसणं झालं होतं!

आणि नेमकी त्याच आठवड्यात खात्याची उपसचिव बाई पाहणीला आली. पुढच्या टप्प्याची मंजुरी तिच्या हातात. त्या विद्यार्थिनीची नोकरी त्यावर, सरांची बढती त्यावर, माझं नाव त्यावर. सरांनी मला सांगितलं, "व्हरांडा रिकामा कर." मी बाहेर जाऊन म्हटलं, "आज नको, उद्या या." पण त्या दोन शब्दांचा आता इतका सराव झाला होता, की कुणी हललंच नाही.

उपसचिव बाई आली आणि व्हरांड्यात थबकली. कुणी पत्ते पिसत होतं, कुणी पेपर मोठ्याने वाचून दाखवत होतं, मेट्रनबाई एका आजींना चालायला लावत होत्या.

"वा!" ती म्हणाली. "हीच ना तुमची योजना? कागदावर तर फक्त फोन होते!"

"कागदावर सगळं कुठे मावतं!" सर म्हणाले आणि मला कोपराने ढोसलं.

ती टेलरकाकांकडे वळली. "काका, तुम्हाला इथे काय मिळतं?"

"काही नाही," टेलरकाका आनंदाने म्हणाले. "आम्ही काही न मिळणारे!"

"किती समाधानी वृत्ती!" ती म्हणाली.

सरांचं कोपर पुन्हा माझ्या बरगडीत. एक 'हो' म्हटलं असतं की काम झालं होतं. सरांचा चेहरा तर आधीच बढतीचा झाला होता. मी तोंड उघडलं, आणि समोर बाबा दिसले. कोटाच्या खिशाला पेन, मान जराशी कललेली. पुढचं वाक्य उतरवून घ्यायच्या तयारीत असल्यासारखे. त्यांच्यासमोर खोटी जबानी होईना माझ्याच्याने.

"मॅडम, ही योजना नाही," मी म्हटलं. "आम्ही यांना काहीच द्यायचं नाही असं ठरवलं होतं. हे तक्रार करायला आले आणि आम्ही भेटायचं टाळलं. त्यातून झालं हे."

व्हरांड्यात पत्तेसुद्धा थांबले.

"म्हणजे तुमचा प्रयोग फसला?"

"पार फसला."

"आणि ही माणसं?"

"ती बरी आहेत."

तिने व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग सावकाश म्हणाली, "मला हे आवडलं. पण मी खात्याला काय लिहू? माणसांना रोज ताटकळत ठेवा? त्यासाठी योजना कशाला, आमची सगळी खाती तेच करतात!" आणि स्वतःच हसली. गाडीत बसताना मात्र म्हणाली, "माझी आई घरी एकटीच असते." आणि दार ओढून घेतलं.

दुसरा टप्पा मिळाला नाही. मी अहवालात जसं झालं तसं लिहिलं. सर महिनाभर माझ्याशी फक्त शिपायामार्फत बोलत होते. विद्यार्थिनीला मी दुसऱ्या विभागात चिकटवलं. तिथे ती झाडं मोजते. झाडांना ऑपरेशन झालेलं नसतं, असं म्हणते.

उपसचिव बाई येऊन गेली, त्या संध्याकाळी मी आणि बाबा एकत्र घरी चाललो होतो. मी म्हटलं, "बाबा, तुमच्यासाठी तरी मी घरी वेळ..." पुढे काही सुचेना, म्हणून विचारलं, "गोळी घेतली का?"

बाबा हसले. रागाने नाही. "सूनबाई, एक सांगू? तू घरातही प्रश्नावलीच वाचतेस. जेवलात का, गोळी घेतली का, दार लावलं का. मी हो, हो, हो म्हणतो. तू पुढच्या पानावर जातेस."

आपली बाजू मांडायला तोंड उघडलं, की त्यातही प्रश्नच यायला लागला!

पुढे सरांनी, व्हरांडा अडतो म्हणून, मोडक्या टेबलांची खोली त्या मंडळींना देऊन टाकली. पोस्टमास्तरांनाही घेतलं, ऑपरेशनबद्दल न बोलण्याच्या अटीवर. काल दुपारी मी तिकडे डोकावले. दारात बाबा.

"आत येऊ?"

"ये की. पण एक अट आहे. इथे प्रश्न विचारायचे नाहीत. नुसतं बसायचं, वाटलं तर बोलायचं."

त्यात काय अवघड! या विषयावर माझे एवढे निबंध छापून आलेले. मी ऐटीत जाऊन मधल्या खुर्चीवर बसले. सगळे प्रेमाने माझ्याकडे वळले. मेट्रनबाईंनी कपातला अर्धा चहा माझ्यासाठी ओतला. आता मी काहीतरी बोलावं, म्हणून ते वाट बघत होते. माझं, आपलं, असं काहीतरी. मी खूप आठवून बघितलं. शेवटी घसा खाकरला, टेलरकाकांकडे बघून छान हसले आणि म्हटलं,

"आपलं शिक्षण कितवीपर्यंत झालंय?"