ठेकेदार संघाचा जिना

आमचे शेजारी बळीराम आडे दवाखान्यात कुणाला भेटायला गेले, की आधी छताकडे पाहतात. मग खांबावर टकटक करून कान लावतात आणि वेळ उरलाच तर पेशंटकडे वळतात. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा बराच वेळ छत न्याहाळून ते म्हणाले, "काळजी नका करू गुरुजी. स्लॅब मजबूत हाये." मला फारच धीर आला.

आडेभाऊ पांढरकवड्यातले जुने ठेकेदार. मी मराठीचा निवृत्त मास्तर, म्हणजे रिकामा, असा गावाचा समज. त्यामुळे ठेकेदार संघाने स्मरणिका काढायचं ठरवलं तेव्हा संघाचा इतिहास भाऊंनी सांगायचा आणि मी लिहायचा, हे परस्पर ठरून गेलं.

"लिव्हा गुरुजी, लेव्हलमधी लिव्हा," अशी रोज सुरुवात. पहिली बैठक भाऊंच्या ओसरीवर. पहिलं मिक्सर मशीन भाऊंच्या ओळखीनं. संघाच्या अकरा जणांत ते एकच होतं, ज्याचा स्लॅब असेल त्याच्याकडे मुक्कामाला जायचं. त्या पाळ्याही भाऊंनीच लावल्या. देशाला स्वातंत्र्य भाऊंच्या जन्माआधी मिळून गेलं, नाहीतर स्मरणिकेची चार पानं वाढली असती.

एकाच प्रकरणावरून ते गडबडीनं पुढे सरकायचे. संघाची इमारत अकरा ठेकेदारांनी हौसेनं वाटून बांधली. कुणी पाया, कुणी भिंती, कुणी वरचा हॉल. हॉल झकास झाला. वर जायला जिना मात्र नव्हता. काम वाटायच्या सभेत जेवण होतं, त्यामुळे वाटणी कुणाच्या लक्षात राहिली नव्हती. तालुक्याला घरं बांधून देणारी ही मंडळी आजही बाहेरून बांबूची शिडी लावून वार्षिक सभेला चढतात. जिना करावा, असा ठराव दरवर्षी एकमतानं मंजूर होतो.

दोषी कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. "जिना माह्याकडं होता, इसरलो," असं भाऊंनीच भर सभेत सांगितलं होतं. तेव्हापासून ते जिनेवाले आडे. मीही तोंडावर तसंच म्हणायचो.

मग एक दिवस संघाचं ठरावबुक चाळत होतो. आमच्याकडे ठरावबुक लिहितात, वाचत कुणी नाही. त्यात कामवाटपाचं पान निघालं. 'प्लास्टर – बळीराम आडे. जिना – मारोती आत्राम.' दहा जणांच्या सह्या आणि मारोतीपुढे अंगठा. मारोती म्हणजे झरीकडचा मिस्त्री, हाताच्या कसबावर ठेकेदार झालेला. गेल्याच उन्हाळ्यात वारला.

भाऊ खूश होतील अशा समजुतीनं मी पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी मारोतीच्या अंगठ्यावरून हळूच बोट फिरवलं.

"नकाशात जिना म्हंजे नुसत्या आडव्या रेघा असतात न गुरुजी. त्याले वाटलं, फरशीच्या पट्ट्या हायेत. बसवल्या बिचाऱ्यानं मन लावून. सारे जिना शोधू लागले तवा त्याचं तोंड पाह्यलं अन् मले समजलं, याले नकाशा वाचताच येत नाई."

"म्हणून तुम्ही स्वतःवर घेतलं?"

"त्याले मंग काम कोनं देल्लं असतं? माह्यं काय, मले तसेही हसतच होते."

"पण आता मारोती नाही. आता तरी खरं लिहू."

"त्याची नात यवतमाळले सिव्हिल शिकून राह्यली. हे पुस्तक तिच्या हाती जाईन." भाऊंनी चष्मा काढून पुसला. "सभेत सारे जिनेवाले म्हनून हसत, तो कधी हसे नाई. माह्या डाव्या बाजूले येऊन बसे. बोले काई नाई, नुसता बसे. आता करमत नाई गुरुजी सभेत."

इतकी वर्षं मीही हसलो होतो. मला स्वतःची लाज वाटली. 'जिना बळीराम आडे यांच्याकडे होता. ते विसरले,' असं लिहून मी वाचून दाखवलं. भाऊंनी समाधानानं मान हलवली.

यंदाच्या सभेला मी सभासद नसतानाही गेलो. भाऊंच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी होती, तिथे बसायला लागलो. त्यांनी हळूच हात आडवा केला.

"इकडून बसा गुरुजी," ते म्हणाले, "उजव्या बाजूले."